दशांशानंतरचे दोन आकडे

दादा मेलबर्नला असतो. मागच्या जुलैत त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपला रिपोर्ट टाकला. व्हिटॅमिन डी ६२, सोबत दंड फुगवलेला इमोजी. आदल्याच दिवशी मी आईचा रिपोर्ट टाकला होता, त्यात २४.८३. झालं. "आई नाशिकच्या उन्हात राहून चोवीस आणि मी इथल्या थंडीत बासष्ट? तिला गॅलरीत बसवता की नाही कोणी?" वहिनीने रडका चेहरा टाकला, मावशीने कोवळ्या उन्हाचे फायदे सांगणारा फॉरवर्ड.

मी एवढंच लिहिलं: दादा, तुझ्या बासष्टला अडीचने भाग.

ऑस्ट्रेलियात हा आकडा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात, आपल्याकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. दादाचे बासष्ट म्हणजे आपले २४.८. मायलेक अगदी खांद्याला खांदा लावून उभे होते. दादाने अंगठा दाखवला, मावशीने अजून एक फॉरवर्ड टाकला, आणि मला वाटलं विषय मिटला.

रात्री भांडी आवरताना आई म्हणाली, "अगं, पण मग कॅम्पात सोळा कसं आलं होतं?"

सोसायटीत आरोग्य तपासणीचा कॅम्प लागला होता, अमुक रुपयांत सत्तर टेस्ट वगैरे. शेजारच्या काकूंच्या आग्रहाने आई तिथे रक्त देऊन आली होती. तो रिपोर्ट तिने मला दाखवलाच नव्हता, कारण घरात लॅबवाली लेक असताना बाहेर रक्त दिलं म्हणून मी चिडेन. कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला तो कागद तिने काढला. १६.४०. आमच्या लॅबमध्ये मी स्वतः तिचं रक्त काढलं त्याच्या बरोबर आठ दिवस आधीचा. मधल्या काळात व्हिटॅमिन डीची एकही पुडी घेतलेली नाही. "यातलं खरं कुठलं?"

मी एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री विभाग सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. काउंटरवर हा प्रश्न महिन्याला दोनदा तरी येतो आणि माझं उत्तर पाठ आहे: "पद्धत वेगळी असते, तुम्ही एकाच लॅबमध्ये करत जा." आईला हे उत्तर देता येईना. ती म्हणाली असती, पद्धत वेगळी असली तरी रक्त माझंच ना?

आधी हे मोजतात कसं ते सांगते. रक्तातली साखर शंभर असते म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. व्हिटॅमिन डी वीस असतं म्हणजे त्याच मिलिलिटरमध्ये साखरेच्या पन्नास हजाराव्या भागाइतकं. आणि आम्ही मोजतो ते मुळात व्हिटॅमिन डी नसतंच. कातडीत उन्हाने तयार झालेलं किंवा पुडीतून आलेलं डी यकृतात जाऊन त्याचं २५-हायड्रॉक्सी रूप होतं. ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून शरीरातला साठा कळायला तेच मोजतात. पुढे मूत्रपिंडात होणारं १,२५ वालं रूप खरं काम करतं, पण ते त्याच्याही हजारपट कमी, काही तासांत संपणारं, आणि कमतरता असली तरी पॅराथायरॉइड हार्मोनच्या जोरावर नॉर्मल दिसणारं. काही डॉक्टर चुकून तीच टेस्ट लिहितात. पेशंटचे पैसे जातात आणि हाती काही लागत नाही.

तर हे २५-हायड्रॉक्सी. बहुतेक लॅबमध्ये ते इम्युनोअसेवर, म्हणजे अँटिबॉडी वापरून मोजायच्या पद्धतीवर, होतं. एसटीची उपमा देते. गाडीत चाळीस सीट, म्हणजे कंपनीने दिलेल्या अँटिबॉडी, २५-हायड्रॉक्सीला पकडणारी प्रथिनं. कंपनीची काही माणसं पेटते टॉर्च घेऊन चढतात. तुमच्या रक्तातली माणसं नुसतीच चढतात. सीटसाठी रेटारेटी होते. मग उभे राहिलेल्यांना उतरवायचं आणि बसलेल्यांचा उजेड मोजायचा. उजेड कमी म्हणजे तुमची माणसं जास्त. मशीन आत हेच करतं, अर्ध्या तासाच्या आसपास.

अडचण अशी की तुमची माणसं स्टँडवर येतच नाहीत. रक्तात एक वाहक प्रथिन असतं, व्हिटॅमिन डी बाइंडिंग प्रोटीन, आणि २५-हायड्रॉक्सी त्याला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मोकळं सापडतं ते एक टक्क्याहूनही कमी. आधी त्याला तिथून सोडवायला हवं. जुन्या रेडिओइम्युनोअसेत आम्ही सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या निवळ द्रवात, ॲसिटोनायट्राइल नावाचं सॉल्व्हंट घालायचो, प्रथिनं दह्यासारखी फाटून खाली बसायची, वरचं निवळ घ्यायचं. वेळखाऊ काम, हाताला वास, पण सुटका चांगली व्हायची. आजच्या ऑटोमॅटिक मशीनमध्ये असलं सॉल्व्हंट ओतलं तर अँटिबॉडीच मरतील. म्हणून कंपन्या आम्लता बदलून किंवा दुसरं एखादं रसायन घालून सौम्यपणे सोडवणूक करतात, ज्याची त्याची गुप्त रेसिपी. ती सगळ्यांच्या रक्तावर सारखी चालत नाही. गरोदरपणात हे वाहक प्रथिन वाढतं. डायलिसिसवरच्या, आयसीयूतल्या पेशंटचं सीरम आणखी वेगळं वागतं. निरोगी माणसावर दोन मशीन एकमेकांशी जुळली तरी गरोदर बाईवर जुळतीलच असं नाही.

वर सीटवर नातेवाईकही बसतात. बुरशीतून किंवा काही गोळ्यांतून येणारं डी-२ हे डी-३ चं चुलत भावंड. काही अँटिबॉडी त्याला पूर्ण धरतात, काही अर्धवट. २४,२५ नावाचं निकामी रूप फुकट्यासारखं घुसतं. आपल्याकडे पुड्या बहुतेक डी-३ च्या असल्याने डी-२ चा त्रास कमी. (पुडीवरून आठवलं: साठ हजार युनिट ऐकून लोक घाबरतात. वजनात ते दीड मिलिग्रॅम. बाकी पुडी साखर आणि वास. हे युनिट उंदरांच्या काळातलं आहे. मुडदूस झालेल्या उंदराला औषध द्यायचं, हाड चिरून सिल्व्हर नायट्रेट लावायचं आणि नव्या कॅल्शियमची काळी रेघ किती उमटली ते बघायचं. रक्तातलं २५-हायड्रॉक्सी मोजायची सोय १९७१ पर्यंत नव्हतीच.)

दुसऱ्या दिवशी आईचा प्रश्न डोक्यात घेऊन मी लॅबमध्ये गेले. कॅम्पवाल्यांचं मशीन वेगळ्या कंपनीचं, एवढं फोनवर कळलं. ते ठीक. पण सोळा आणि पंचवीस यांत दीडपटीचा फरक, एवढा माझ्या पचनी पडेना. सवयीने कंट्रोलचा चार्ट काढला. कंट्रोल म्हणजे कंपनीचं तयार सीरम, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. रोज सकाळी पेशंटच्या आधी ते लावायचं आणि ठिपका मर्यादेत पडतो का बघायचं. सगळे ठिपके मधल्या रेषेच्या आसपास, पोथीतल्या ओळींसारखे सरळ. चार्ट बघून कोणीही म्हणालं असतं, मशीन उत्तम चाललंय.

मग एक गोष्ट केली जी रोज करायला हवी आणि कोणी करत नाही. दिवसभराच्या सगळ्या पेशंटचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा काढला. जून महिन्यात तो सोळा-सतराच्या आसपास फिरत होता. जुलैच्या दुसऱ्या सोमवारपासून एकदम वीस, आणि तिथेच. एका रात्रीत अख्ख्या नाशिकला ऊन लागलं? तेही जुलैत, जेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही? जे रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं ते शनिवार ते सोमवार असं उडी मारूच शकत नाही.

रजिस्टर काढलं. त्या सोमवारी रिएजंटचा, म्हणजे टेस्टला लागणाऱ्या रसायनांचा, नवा लॉट सुरू झाला होता.

चूक माझी, लपवत नाही. नवा लॉट लावताना पेशंटची काही जुनी सॅम्पल दोन्ही लॉटवर चालवून बघायची असतात. त्या दिवशी एक टेक्निशियन रजेवर, कॉर्पोरेट चेकअपच्या दीडशे नळ्या रांगेत, आणि मी फक्त कंट्रोल लावून पुढे गेले. कंट्रोल पास झाला आणि मी निश्चिंत.

कंट्रोल पास आणि पेशंट नापास हे कसं होतं, हे डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, दोन वर्षांत मला कोणी शिकवलं नव्हतं. कंट्रोलचं सीरम गाळलेलं, सुकवलेलं, टिकण्यासाठी काहीबाही घातलेलं असतं. त्यातलं व्हिटॅमिन डी बरेचदा वरून घातलेलं. आपल्या रक्तातलं जसं प्रथिनाला बिलगून बसतं तसं ते बसत नाही. त्यामुळे लॉट बदलून सोडवणुकीचं रसायन जरासं सरकलं तर पेशंटचा आकडा हलतो आणि कंट्रोल जागचा हलत नाही. हा घोटाळा फार वरच्या पातळीवरही झालेला आहे. मोजमापाची प्रमाणं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २००९ मध्ये व्हिटॅमिन डीचं पहिलं प्रमाण-सीरम काढलं, एसआरएम ९७२. त्याच्या चार बाटल्या. एकीत आकडा कमी यावा म्हणून माणसाच्या सीरममध्ये घोड्याचं सीरम मिसळलेलं. दुसऱ्या दोघींत एकेक पदार्थ वरून घातलेला. रेणूच्या वजनावरून ओळखणाऱ्या मशीनना ते चाललं, पण इम्युनोअसे घोड्याच्या सीरमपुढे गडबडले. पुढच्या आवृत्तीत घोडा काढावा लागला. माणसाचं रक्त मोजायचं तर माप माणसाच्याच रक्ताचं लागतं.

उणे वीसच्या फ्रिजमध्ये बावीस सॅम्पल सापडली. जुन्या लॉटचा एक अर्धा पॅक नशिबाने फेकला नव्हता. दुपारी गर्दी ओसरल्यावर बावीसही दोन्ही लॉटवर चालवली. एकूण एक सॅम्पल नव्या लॉटवर जास्त. सरासरी सतरा टक्के. आईचं २४.८३ जुन्या लॉटवर २०.९१ आलं.

आईच्या सीरमचा उरलेला थेंबभर हिस्सा बर्फाच्या पिशव्यांत घालून मुंबईला एलसी-एमएस/एमएससाठी पाठवला. हे मशीन अँटिबॉडीच्या भानगडीत पडत नाही. प्रथिनं सॉल्व्हंटने फाडायची, उरलेलं लांब कॉलममधून सोडून वेगळं करायचं आणि रेणूच्या वजनावरून ओळखायचं. किंमत कोटींत, चालवणारा माणूस त्याहून दुर्मीळ. डी-२ आणि डी-३ वेगवेगळे सांगतं. यालाच सगळे सुवर्णमान म्हणतात, पण त्याचेही पाय मातीचेच. २५-हायड्रॉक्सीचं एक जुळ्यासारखं रूप असतं, एपिमर. वजन तेच, फक्त एक गट उलट्या बाजूला. कॉलम नीट निवडला नसेल तर मशीन दोघांना एकच समजतं. मोठ्यांत हे एपिमर थोडं, पण तान्ह्या बाळांत काही वेळा निम्म्याहूनही जास्त निघालेलं आहे. बाळाच्या रिपोर्टमध्ये भरपूर व्हिटॅमिन डी दिसेल आणि त्यातलं अर्धं भलतंच असेल. शिवाय मशीन कितीही भारी असलं तरी कॅलिब्रेटर, म्हणजे मशीनला माप शिकवणारा नमुना, माणूसच बनवतो. अमेरिकेत देशभर शाखा असलेल्या एका लॅबला याच पद्धतीच्या हजारो व्हिटॅमिन डी रिपोर्टबद्दल चूक झाली असावी असं डॉक्टरांना कळवावं लागलं होतं, २००९ च्या जानेवारीत ते पेपरात आलं.

चार दिवसांनी मुंबईहून उत्तर आलं. २१.४.

म्हणजे आमचा जुना लॉट बरोबर होता, नवा वर सरकला होता, आणि कॅम्पवाले खाली. एकच बाई, एकच महिना, १६.४०, २०.९१, २१.४, २४.८३. पहिला आकडा वाचून तिला "कमतरता" म्हटलं असतं, बाकी तिघांवर, वीस ते तीसमधले म्हणून, "अपुरं".

बाहेरून तपासणी कोणी करत नाही का? करतात. उत्तर न सांगता सीरम पाठवायचं आणि लॅबचं उत्तर तपासायचं असे कार्यक्रम आहेत. भारतात वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाचं नाव प्रत्येक लॅबवाल्याला पाठ. खास व्हिटॅमिन डीसाठी लंडनहून डेक्वास नावाचा असाच कार्यक्रम १९८९ पासून चालतो. पण आपल्या उत्तराची तुलना बरेचदा तेच मशीन वापरणाऱ्या इतरांच्या सरासरीशी होते. सगळी भावकीच एका बाजूला कललेली असेल तर भावकीत आपण शहाणे ठरतो. म्हणूनच २०१० मध्ये अमेरिकेतल्या एनआयएच आणि सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्था आणि निस्ट यांनी बेल्जियमच्या गेंट विद्यापीठाला सोबत घेऊन सगळ्यांचे आकडे एका मापाला बांधायचा उद्योग सुरू केला. सीडीसीचं प्रमाणपत्र हवं तर सरासरी चूक पाच टक्क्यांच्या आत आणि तेच सॅम्पल पुन्हा पुन्हा मोजल्यावर होणारा फेरफार, म्हणजे सीव्ही, दहा टक्क्यांच्या आत. आता दहा टक्के सीव्हीचा अर्थ बघा. खरा आकडा वीस असेल तर पास झालेल्या, चांगल्या लॅबमधूनही सोळा ते चोवीसमधलं काहीही येऊ शकतं, कारण शंभरातले साधारण पंच्याण्णव आकडे सीव्हीच्या दुपटीच्या आत पडतात.

आणि आम्ही छापतो वीस पूर्णांक नऊ एक.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी कंपनीला फोन लावला. ॲप्लिकेशनवाली मुलगी लॅपटॉप घेऊन आली, पुन्हा कॅलिब्रेशन केलं, कंट्रोल लावला, तो अर्थातच पास झाला, आणि ती म्हणाली, "मॅम, सिस्टीम इज फाइन." बावीस सॅम्पलचा कागद मी तिच्यापुढे ठेवला. तिने फोटो काढून वर पाठवला. तीन आठवड्यांनी दुसरा लॉट आला. दरम्यान व्हिटॅमिन डीची सॅम्पल आम्ही बाहेर पाठवत होतो, आणि सर रोज त्याचं बिल माझ्या टेबलावर काही न बोलता ठेवत होते.

राहिले त्या मधल्या दिवसांतले पेशंट. ज्यांचं खरं वीसच्या आत होतं आणि आम्ही वर दाखवलं असे एक्केचाळीस निघाले. मी एकेका डॉक्टरला फोन केला. जीभ जड झाली होती. एकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि हसला. "मॅडम, अठरा असो नाही तर बावीस, मी पुडीच देणार. आठवड्याला एक, आठ आठवडे." दुसऱ्याने विचारलं, "मग पुन्हा टेस्ट फुकट करून देणार का?" आम्ही दिली. एक्केचाळीसपैकी नऊजण आले.

त्या हसणाऱ्या डॉक्टरांवर मला राग नाही. सीमारेषाच कुठे पक्की आहे? २०११ मध्ये एका अमेरिकन समितीने वीस पुरेत म्हटलं, त्याच वर्षी तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांच्या संघटनेने, तीस हवेत म्हटलं. रिपोर्टवरच्या "कमतरता", "अपुरं", "पुरेसं" या खणांपैकी तीसचा खण त्यांचाच. २०२४ मध्ये त्यांनी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तो तीसचा आग्रह सोडला, आणि निरोगी प्रौढांनी ही टेस्ट सरसकट करू नये असंही लिहिलं. आमच्या पोटावर पाय आहे हा, पण मनातून पटतं. आईला कुठलाच त्रास नव्हता. काकूंनी ओढून नेलं म्हणून एवढं रामायण.

ज्यांना खरंच करायची आहे त्यांना मात्र काउंटरवर एक प्रश्न मी आता हमखास विचारते: केसांची गोळी चालू आहे का? गेल्या वर्षी एका तरुण मुलीचा रिपोर्ट व्हिटॅमिन डी ८८, थायरॉइडच्या टेस्टपैकी टीएसएच जवळजवळ शून्य, टी-फोर वर. थायरॉइड पेटलंय असं कागद म्हणत होता आणि मुलगी समोर निवांत मोबाइल बघत बसलेली. नाडी सत्तर. केसांसाठी रोज दहा मिलिग्रॅम बायोटिन, हेही एक व्हिटॅमिनच, घेत होती. दिवसाची गरज तीस मायक्रोग्रॅम. आमच्या मशीनमधल्या एसटीच्या सीट बायोटिनच्या खिळ्यांनीच जमिनीला ठोकलेल्या असतात. रक्तात बायोटिन मोकाट असेल तर खिळ्यांच्या जागा तेच अडवतं, सीट सुट्या होऊन टॉर्चवाल्यांसकट वाहून जातात, आणि मशीनला वाटतं उजेड कमी, म्हणजे व्हिटॅमिन डी भरपूर. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्येच बायोटिनबद्दल इशारा दिला होता. गोळी आठवडाभर थांबवून पुन्हा रक्त घेतलं. थायरॉइड नॉर्मल, व्हिटॅमिन डी १३. जिला पुडीची गरज होती तिला आम्ही "भरपूर" लिहून घरी पाठवणार होतो.

आता रोज संध्याकाळी मी पेशंटचा मधला आकडा काढते आणि कंट्रोलच्या चार्टशेजारी पेन्सिलीने लिहिते. एक्सेलमध्ये करता येतं, पण हाताने लिहिलं की नजर पडते. नव्या लॉटला वीस सॅम्पल लावल्याशिवाय हात लावू देत नाही. नवीन मुलं वैतागतात.

आईला चारही आकडे सांगितले. तिने चष्मा लावून कागदावर ते एकाखाली एक लिहिले आणि विचारलं, "मग वीस-एकवीस धरू?" मी म्हटलं, धर. इतकं सोपं उत्तर एकोणीस वर्षांत मी एकाही पेशंटला दिलं नव्हतं.

म्हणून गेल्या महिन्यात सरांकडून परवानगी काढली की व्हिटॅमिन डीच्या रिपोर्टवर दशांश छापायचे नाहीत. २०.९१ ऐवजी २१. सॉफ्टवेअरवाल्या मुलाला बोलावलं. त्याने दहा मिनिटं इकडे तिकडे क्लिक केलं आणि म्हणाला, "मॅडम, टेम्प्लेटमध्ये दोन दशांश फिक्स आहेत. फार तर मी २१.०० करून देतो."